खड्डा दाखवायचा राहिला

ही घटना खरी आहे. जिच्यासोबत घडली ती व्यक्ती म्हणजे ताबिश, माझा मावसभाऊ. सिंदेवाहीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. थापा मारायला जी हुशारी लागते, ती या माणसाकडे औषधालाही नाही. लहानपणी शाळेला दांडी मारली की घरी येऊन स्वतःच सांगायचा आणि वर मारही खायचा.

म्हणूनच त्याने एक खोटं वर्षभर कसं सांभाळलं, याचं मला अजून नवल वाटतं.

तारीख चौदा डिसेंबर. रविवार. सकाळचे सहा वाजून गेले होते. सिंदेवाहीहून नवरगावकडे जाताना डावीकडे एक अरुंद डांबरी फाटा लागतो. दोन्ही बाजूंना धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या, मध्येच मोहाची झाडं, एक बोडी म्हणजे लहानसं तळं. रस्ता थोडा चढतो, थोडा उतरतो, पुन्हा चढतो. गाडीघोडा जवळजवळ नाहीच.

धुकं होतं. ताबिश सायकलवर होता.

एकटाच होता...

निदान त्याला तसं वाटत होतं.

आधी मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताबिश आणि संघपाल सात वर्षं दर रविवारी या रस्त्याने जायचे. संघपाल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. दोघांनाही या पातळ चाकांच्या सायकलींचं वेड. गावातले लोक हसायचे, "पेट्रोल परवडत नाई का मास्तर?" संघपालही हसायचा आणि पेडल मारायचा.

या लोकांची एक पद्धत असते. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने अगदी त्याच्या मागे राहायचं. दोन चाकांमध्ये वीतभर अंतर. मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. म्हणून खड्डा आला की पुढच्याने हात खाली सोडून बोटाने दाखवायचा. मागच्याने "दिसला!" म्हणायचं.

पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही. मान वळली की सायकलही वळते.

संघपालचं "दिसला!" फार मोठ्याने असायचं. वर्गात हजेरी देतात तसं.

बरोबर वर्षापूर्वीच्या रविवारी मरणाची थंडी होती. ताबिश पुढे होता. उजवा हात त्याने जॅकेटच्या खिशात घातला होता. धानाच्या ट्रॅक्टरांनी लहान पुलाजवळ एक नवा खड्डा पाडला होता. ताबिशला तो दिसला. उबेतला हात बाहेर काढायचा त्याने कंटाळा केला.

तो खड्डा चुकवून निघून गेला.

मागून "दिसला" आलं नाही. नुसता आवाज आला.

संघपालचं डोकं पुलाच्या दगडावर आपटलं होतं. त्या दिवशी त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

लोकांनी विचारलं, काय झालं?

"रानडुक्कर आडवं आलं," ताबिश म्हणाला.

आमच्याकडे रानडुकरं रोजच आडवी येतात. कोणीच दुसरा प्रश्न विचारला नाही.

आता संघपालच्या आईबद्दल. बायनाबाई. अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांनी पोराच्या हेल्मेटमधली गादी घामाने वास मारते म्हणून धुतली होती. थंडीने ती वाळली नाही. म्हणून संघपाल उघड्या डोक्याने गेला.

ताबिश वर्षभर दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. सिलिंडर आणून दे, लाइटचं बिल भर, असं काहीबाही करायचा. त्या चहा द्यायच्या. आणि दर रविवारी तेच बोलायच्या.

"मीच गादी धुतली रे बाप्पा. नसती धुतली त माहा पोरगा वाचला असता."

ताबिश कपात बघत बसायचा.

एका वाक्याने त्या माउलीच्या डोक्यावरचा भार उतरला असता. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. मला त्याचा राग येतो, आणि त्याची कीवही येते.

त्या चौदा तारखेला अकरा वाजता संघपालचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. बायनाबाईंनी सांगून ठेवलं होतं, "तूच त्याच्यासंग व्हता. तूच दोन शब्द बोलजो."

म्हणजे शंभर माणसांसमोर उभं राहून पुन्हा तेच रानडुक्कर. आणि बायनाबाई समोर बसून ऐकणार.

ताबिशला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे उठून त्याने वर्षभर बंद असलेली सायकल काढली, हवा भरली आणि निघाला. कुठे, ते त्याने ठरवलं नव्हतं. चाकं आपोआप त्या फाट्याला वळली.

पहिल्या उतारावर त्याने पेडल थांबवलं.

आणि मागून आवाज आला... टर्रर्रर्र...

पेडल थांबलं की मागच्या चाकातून असा आवाज येतो. पण ताबिशच्या सायकलचा आवाज बारीक आहे, जेमतेम ऐकू येतो. हा मोठा होता. सुक्या शेंगा हलवल्यासारखा.

सात वर्षं त्याने हा आवाज ऐकला होता. ती सायकल आता वाकड्या चाकासकट बायनाबाईंच्या घरात भिंतीला टेकून उभी होती.

ताबिशने पेडल मारलं. आवाज थांबला.

पुन्हा थांबवलं...

टर्रर्रर्र...

त्याच्या लक्षात आलं की पाखरांचा आवाज येत नाही. बोडीवर एरवी एवढी पाखरं असतात. आज एकही नाही. वाराही नाही. फक्त त्याचं चाक, आणि मागचं ते चाक.

त्याने वळून पाहिलं नाही. भुताची भीती वाटली म्हणून नाही, असं तो म्हणतो. वळून पाहिलं आणि कोणीच नसलं तर... याची त्याला भीती होती.

पुढे एक जुना खड्डा आला. हात सवयीनेच खाली गेला. बोटाने दाखवलं.

"दिसला!"

मोठ्याने. अगदी पाठीमागून. वीतभर अंतरावरून.

ताबिशच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला ओरडता आलं नाही, थांबताही आलं नाही. पुढचा खड्डा आला. त्याने दाखवला.

"दिसला!"

तिसरा.

"दिसला!"

असं जवळपास दोन किलोमीटर चाललं. तो मला म्हणाला, "भाऊ, तुले खोटं वाटन, पन मले बरं वाटून राह्यलं व्हतं."

मग तो पूल आला.

तिथला खड्डा आता बुजवला होता. डांबराचं नवं काळं ठिगळ होतं. ताबिशने ते लांबूनच पाहिलं. इथे दाखवायचं काय? खड्डाच नाही. पण हात दाखवावा असं त्याला आतून फार वाटलं. आणि हात हँडलवरून सुटेना. कोणी बांधून टाकल्यासारखा हात तिथेच राहिला.

तो ठिगळावरून पुढे गेला. हात न दाखवता.

दुसऱ्यांदा.

त्याने पेडल थांबवलं... मागून काहीच आलं नाही.

त्याने परत पेडल मारलं, परत थांबवलं. फक्त त्याचं स्वतःचं बारीक चाक.

"संघपाल?" तो म्हणाला.

बोडीवरची पाखरं एकदम ओरडायला लागली.

तेव्हा ताबिश उतरला आणि वळून पाहिलं. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांतून सांडलेली माती होती, दवाने ओली झालेली. तिच्यावर चाकाच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. मागे, लांबपर्यंत, दोन रेघा. एक त्याची. दुसरी तिच्या अगदी जवळून, तेवढीच बारीक.

ठिगळापर्यंत दोन. ठिगळाच्या पुढे एक.

त्याने मोबाइल काढून फोटो घेतला. मग पुलाच्या दगडाला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आठ वाजता तो बायनाबाईंच्या दारात होता. बाहेर मांडव घालणं चाललं होतं. त्या मागच्या अंगणात वांगी चिरत बसल्या होत्या.

"बाई, डुक्कर नव्हतं," ताबिश उभ्याउभ्याच म्हणाला. "खड्डा होता. मले दिसला होता. मी हात नाई दाखवला. गादीचा काही दोष नाई. तुमचा काही दोष नाई. माहा हाय."

बायनाबाईंच्या हातातलं वांगं तसंच राहिलं.

"वर्षभर तू माह्या हातचा चहा पेला," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मी रडो तवा तू समोर बसून राहे."

"हो."

त्या त्याला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताबिश म्हणतो. पदराने त्यांनी तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा श्वास पूर्ण सुटला, असं त्याला वाटलं. पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

मग त्याने सकाळचं सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. ताबिशने फोटो उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

बायनाबाईंनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवायला लागल्या. पडद्यावर फोटो सरकून जायचा. ताबिश नीट करून द्यायचा. त्या पुन्हा सुरुवातीपासून बोट फिरवायच्या. तीन-चारदा असं झालं. शेवटी बोट ठिगळापाशी पोचलं आणि तिथेच थांबलं.

"इथवर आला व्हता?"

"हो, बाई."

"मंग इथून कुठी गेला?"

ताबिशने फोटो पुन्हा सुरुवातीला सरकवून दिला.

त्याने तो फोटो मलाही पाठवला. पहाटे एखादा दूधवाला सायकलने गेला असेल, असं मी त्याला समजावत होतो. पण दूधवाला ठिगळापाशी येऊन हवेत कसा विरेल, हे मला सांगता आलं नाही. फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुसायला हात धजत नाही, आणि त्या दिवसानंतर मी तो उघडलेलाही नाही.