नऊचं विमान

सकाळी सव्वासहा वाजता शारजालगतच्या अल कुसैसमधल्या खोलीत फोन वाजला. श्रीवर्धनहून धाकटा भाऊ शौकत बोलत होता. अब्बा गेले होते.

"नऊचं विमान मिळेल," कुलसुम म्हणाली. "तीन तास, म्हणजे बाराला मुंबई. पुढे गाडीने पाच तास. माझ्याशिवाय उचलू नका."

"असरच्या नमाजनंतर, पाचला उचलू. तू ये, आपा."

सन १९९७, नोव्हेंबर. सोळा वर्षं ती शारजाच्या कारखान्यात मशीनवर बसली होती. त्या शिलाईवर शौकत शिकला, धाकट्या बहिणीचं, अजराचं लग्न झालं, आणि तिच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी पुढच्या वर्षावर ढकलता ढकलता एक दिवस थांबली. अब्बांना पाहून चार वर्षं झाली होती… आता माती पडण्याआधी त्यांचा चेहरा दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं.

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने माणगावच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. श्रीवर्धन अजून दीड तास लांब होतं.

"पाच कधीच वाजले," शौकत उसळला. "लोक अंगणात ताटकळलेत. बाराला उतरलीस ना? की कस्टमवाल्यांनी पेट्या उघडायला लावल्या?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"पेट्या? हातात एक पिशवी आहे, शौकत, आणि अंगावर कालचे कपडे. आमचे बारा म्हणजे तुमचे दीड. बहीण सोळा वर्षं तिथे खपतेय, आणि दोन घड्याळांत दीड तासाचं अंतर आहे हे तुला ठाऊक नाही?"

"तू कधी सांगितलंस?" त्याचा आवाज खाली आला. "दर जुम्म्याला नवाला फोन करते म्हणायचीस, आणि इथे नवालाच घंटी वाजायची."

खरं होतं. त्यांना हिशेबाचा त्रास नको म्हणून ती कायम त्यांचीच वेळ सांगत आली होती. आज काळीज फाटलेलं असताना पहिल्यांदा ती स्वतःच्या घड्याळाने बोलली होती, आणि तेच नडलं… राग तसाच धगधगत होता, पण तो कुणावर काढायचा हे तिला कळेना.

फोनमध्ये मागून हमीदचाचांचा आवाज आला. "उजेड चाललाय. मय्यत अशी ठेवणं बरं नाही. उचला."

"कुणी हात लावू नका, चाचा," शौकत तिकडे वळून म्हणाला. मग फोनवर, घोगऱ्या आवाजात, "मी दारात आडवा बसतो. मला काय शिव्या द्यायच्यात त्या इथे येऊन दे. पण ये."

"बसशील?"

"ड्रायव्हरला सांग, म्हसळ्याची वळणं वाईट आहेत."

पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फोन तुटला. सहा वाजून दोन मिनिटांनी वाटेतल्या मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची अजान ऐकू आली, तेव्हा गाडी घाटाला लागली होती. जनाजा अंगणातच होता, एवढंच तिला माहीत होतं. तेही पंधरा मिनिटांपूर्वीचं.