श्यामरावांच्या घरातली इंदू

"पहारा बदला," अभिनवने फर्मान काढलं, आणि यशदीप हातातली काठी रूपालीकडे फेकून सावलीत पळाला.

मे महिन्याची सुट्टी होती. श्यामरावकाका आणि मीराकाकूंच्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत पडल्या होत्या आणि शंकर नगरामागच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, ही चौकडी कावळ्यांवर नजर ठेवून होती. अभिनव आठवीत गेलेला, म्हणून तो आपोआप कप्तान. रूपाली सातवीतली. यशदीप तिचा धाकटा भाऊ. त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच बाहेर पडायची. चौथी रीना. तिच्याकडे आईचा जुना मोबाइल होता, त्यामुळे तिला कोणी दुखवत नसे. पगार म्हणून तळलेल्या कुरडया मिळणार होत्या, हव्या तितक्या.

अभिनवची एकच खोड होती. सुट्टीआधी शाळेत एक वकीलबाई कायद्याची माहिती द्यायला आल्या होत्या. रूपाली तेव्हा चक्क पेंगत होती, पण अभिनवने सगळं पाठ करून टाकलं होतं आणि आता ऊठसूट तो तेच ऐकवत असे. त्याला माहीत नाही असं काहीतरी आपल्याला माहीत असावं, असं रूपालीला फार वाटे.

आणि आज सकाळी तिला ते सापडलं होतं! काकूंचा पाण्याचा पितळी गुंड चिंचेनं घासताना त्याच्या गळ्यापाशी कोरलेली अक्षरं उजळली: 'चि. इंदूस, बाबांकडून'. इंदू कोण, असं विचारल्यावर काकू लाजल्या. ते त्यांचंच माहेरचं नाव. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'मीरा' लिहिलं, आणि त्या दिवसापासून इंदू संपली. तेव्हा सगळ्याच मुलींचं असं व्हायचं. कोणी कोणाला विचारत नसे.

"तुह्या-माह्यातच राहू दे हे," काकू म्हणाल्या होत्या. रूपालीनं मान डोलावली होती.

संध्याकाळी मुलं खाली ओट्यावर पत्ते खेळत असताना मोटारसायकलवरून दोन पोलीस आले. पुढचा पोट सुटलेला हवालदार, मागे एक नवखा शिपाई. श्यामराव का मकान यही है क्या, आणि यहाँ इंदू कौन है, एवढंच त्यांना हवं होतं. समोरच्या भीमाबाईंनी हात झटकले. या पाऱ्यात इंदू नावाची कोणी नव्हतीच, असं पानठेल्यावरच्या दोघांनीही सांगितलं. अभिनवनंही नकारार्थी मान हलवली.

अभिनवला माहीत नाही! एवढी संधी रूपाली कशी सोडणार?

"हव, है ना," ती पुढे होऊन म्हणाली. "मीराकाकूच इंदू आहेत. कोणालाच माहीत नाही, फक्त मला माहीत आहे."

तिनं ऐटीत अभिनवकडे पाहिलं. पण हवालदारानं पुढचा प्रश्न विचारलाच नाही. तो सरळ दारात जाऊन उभा राहिला आणि काकूंना म्हणाला, नाव बदलून राहतेस काय, तुझ्या नावाचं वॉरंट आहे, चल ठाण्यात.



काकूंच्या हाताला पीठ लागलेलं होतं. श्यामरावकाका ड्यूटीवरून आले नव्हते. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मी कधी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हवालदार म्हणत होता, सगळे असंच सांगतात. तेवढ्यात समोरची खिडकी बंद झाली, मग शेजारची. ज्या भीमाबाई दर उन्हाळ्यात काकूंकडून डबाभर कुरडया नेत, त्यांनीच सगळ्यात आधी कडी लावली.

"तुम्हाला कोणी सांगितलं इंदू म्हणून?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

हवालदारानं बोट मुलांकडे केलं. काकूंनी चौघांकडे पाहिलं, पण त्यांची नजर रूपालीवर थांबलीच नाही. ती असं करेल हे त्यांच्या मनातच आलं नसावं. रूपालीला वाटलं, त्यापेक्षा ती नजर थांबली असती तर बरं झालं असतं.

तिनं अभिनवला कोपऱ्यात ओढलं आणि कुजबुजत विचारलं की वकीलबाई काय म्हणाल्या होत्या, सगळं सांग, पटकन सांग. कप्तानाची फुशारकी कुठल्या कुठे गेली होती. पण त्याला पाठ होतं. वॉरंट दाखवा म्हटलं तर दाखवावं लागतं. पोलिसांचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. सूर्य मावळल्यावर बाईला असंतसं धरून नेता येत नाही. तसंच मोठं कारण असेल तर महिला पोलीस लागते, आणि तिला आधी न्यायाधीशांची परवानगी काढावी लागते. आणि रस्त्यावरच्या माणसांना बघता येतं, मोबाइलवर चित्रणही करता येतं, फक्त पोलिसांच्या कामात आडवं जायचं नाही.

चौघं घरासमोरच्या कडुनिंबाखाली ओळीनं उभी राहिली. रीनानं मोबाइल वर धरला.

"ए लडकी, बंद कर वो!" हवालदार ओरडला.

रीनानं मोबाइल खाली केला नाही. अभिनवलाही आता कंठ फुटला. "सर, हम दूर खड़े हैं. रास्ता नहीं रोक रहे."

"और अंकल," यशदीप निरागसपणे म्हणाला, "आपका नाम गमछे के नीचे छुप गया है."

शिपायाला हसू आलं. हवालदारानं चरफडत गळ्यातला गमछा काढला. आता रूपालीची पाळी होती. ती ओट्यापर्यंत गेली आणि काकूंच्या शेजारी उभी राहिली.

"काकू, वॉरंट दाखवा म्हणा. तुम्ही मागितलं की त्यांना दाखवावंच लागतं."

"मले काय समजते त्याच्यातलं, पोरी?"

"मी वाचते. तुम्ही फक्त मागा."

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले. मग जरा ताठ होऊन म्हणाल्या, "दाखवा भैया. माह्या नावाचं आहे म्हणता ना?"

हवालदारानं कुरकुरत कागद काढला. घराचा पत्ता आणि इंदू हे नाव, याच्या पुढे त्यानं तो वाचलाच नसावा. रूपाली खणखणीत आवाजात वाचू लागली. खाली कोर्टाचा शिक्का होता, सही होती. नळावरच्या जुन्या मारामारीचा खटला होता, आरोपी तारखेला हजर राहिली नव्हती. श्रीमती इंदू, उमर छब्बीस साल, पति का नाम बंडू, किरायेदार, श्यामराव का मकान.

पानठेल्यावरून कोणीतरी खो खो हसलं. छब्बीस साल! काकूंच्या केसांत तर चांगलीच चांदी होती.

"बंडू?" काकू म्हणाल्या. "अगं बाई, मागच्या खोलीत राहून गेलेला! म्हणजे आपली पिंकीची मम्मी!"

बंद खिडक्यांपैकी काही उघडल्या. पिंकीची मम्मी सगळ्यांनाच आठवत होती. वर्षभर ती याच घरात भाड्यानं राहिली, नळावर भांडली, सणाला पुरणपोळ्या वाटल्या, पण तिचं नाव काय हे पाऱ्यातल्या एकाही माणसानं कधी विचारलं नव्हतं.

हवालदार मग रूपालीला नरमाईनं विचारू लागला, ते लोक आता कुठे राहतात? या वेळी रूपालीनं जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. ते कुठे गेले हे तिला माहीत नव्हतं, आणि तिनं तसंच सांगितलं. तोवर सूर्य बुडाला होता. शिपायानं हळूच "माफ करना, अम्मा" म्हटलं आणि गाडी निघून गेली.

काका आले तेव्हा ओट्यावर ही गर्दी! जो तो रूपालीचंच सांगत होता. पोट्टी वकील होते पाहा, असं भीमाबाई म्हणाल्या. काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! आमच्या घराची अब्रू राखली तू."

ती थाप तिला चटक्यासारखी लागली. अभिनव, रीना, यशदीप, तिघांनाही खरं माहीत होतं आणि तिघंही जमिनीकडे पाहत होती. ती गप्प राहिली असती तर कोणी बोललं नसतं.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "अभिनवला माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. काकूंनी नको म्हटलं होतं."

भीमाबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"माहे बाबा गेल्यापासून त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती," काकू म्हणाल्या. "मारली तर पोलिसानं."

रूपालीला रडू फुटलं. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही, आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त एक काम सांगितलं. हसणारे इथे होते, पण कडी लावून आत बसलेले किती होते, त्यांना अर्धीच गोष्ट माहीत. उद्या घरोघर जाऊन पुरी सांगायची.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत रूपाली निघाली. बाकीचे तिघं न बोलावता मागे आले. पण दार तिनंच वाजवायचं आणि बोलायचंही तिनंच, असं ठरलं होतं. पहिल्या दाराशी तिचे शब्द अडखळले. चौथ्या दाराशी आतून एका काकूंनी विचारलं, कोणाबद्दल बोलून राहिली तू, मीराबाईबद्दल काय?

"हो," रूपाली म्हणाली. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "पण आधी तुमचं नाव सांगाल का, काकू? तुमचं स्वतःचं?"