विल्गाची निप

मर्ल शिर्मर घरातून निघाली ती सॉसेज रोलची ऑर्डर द्यायला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, आणि आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवणं विल्गासारख्या गावाला शोभलं नसतं.

त्या वर्षी साऊथ ऑस्ट्रेलियाभर नवी नवी ठिकाणं लोकांसाठी खुली होत होती. किनाऱ्यावर कुठे काचेचा बोगदा, डोंगरात कुठे झुलता पूल. राज्याच्या पर्यटन नकाशात अगदी वरच्या टोकाला, जिथून पुढे मिठाचं कोरडं सरोवर आणि लाल माती एवढंच उरतं, तिथे एका कुत्रीचं चित्र छापलं होतं. ते विल्गा.

गावाने तोवर बरंच सोसलं होतं. शाळा बंद पडली, बँक गेली, तरुण माणसं ॲडलेडला निघून गेली. तेव्हा मर्लने वेल्डिंगचा चष्मा चढवला. ओसाड शेतांतले नांगर, पाण्याच्या टाक्यांचे पत्रे, गाव सोडून गेलेल्यांची फाटकं, जे मिळेल ते लोकांनी आणून दिलं, आणि त्यातून तिने निप उभी केली. खरी निप म्हणजे मर्लच्या नवऱ्याची, क्लॅरीची, मेंढ्या राखणारी शेवटची केल्पी कुत्री; ती मरून बरीच वर्षं झाली होती. ही लोखंडी निप घराच्या छपराहून उंच होती. पोटातून जिना चढून जायचं आणि तिच्या डोळ्यांतून सरोवर बघायचं. क्लॅरीला हल्ली बायकोचं नावसुद्धा आठवत नसे. निपचं मात्र तो विसरला नव्हता.

"भरपूर कर," मर्ल बेकरीवाल्या डॉटला म्हणाली. "उरले तर आपणच खाऊ."

"उरतायत कसले! मोटेल भरलंय, मर्ल. आपलं मोटेल! शेवटचं कधी भरलं होतं?"

"पूर आला तेव्हा."

"तेव्हा गावातलेच होते गं, घरं बुडाली म्हणून. फुकटे!"

दोघी हसल्या. मग डॉटचा हात पिठात तसाच थांबला. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मर्ल... ते बघ."

उत्तरेकडे क्षितिजच उरलं नव्हतं. तिथे धुळीची तपकिरी भिंत उभी होती, आणि ती गावाकडे सरकत होती.

मर्ल धावत घरी पोचली. मागचं जाळीचं दार वाऱ्यावर आपटत होतं. क्लॅरीची टोपी खुंटीवर होती, बूट मात्र नव्हते. दारापासून पावलं उमटली होती. थेट सरोवराच्या दिशेने.

ती हाका मारत सुटली. डॉट मागोमाग आलीच. निपपर्यंत पोचतात तोच धूळ अंगावर आली आणि भर दुपारी काळोख झाला. स्वतःचा हात दिसेना. तोंडात माती, नाकात तापलेल्या लोखंडाचा वास.

"आत चल! तू हरवलीस तर त्याला शोधणार कोण?" डॉटने तिला ओढत कुत्रीच्या पोटात नेलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर वाळू पत्र्यावर सडसडत होती. जिन्याच्या पायरीवर बसून मर्ल नुसती कान देत होती. हळूहळू तो आवाज दूर गेल्यासारखा वाटू लागला. आतली हवा उबदार झाली. पाठीशी टेकलेला पत्रा किंचित फुगला... बसला... पुन्हा फुगला. आणि तळातून, त्यांच्या पावलांखालून, गुरगुर सुरू झाली. खालच्या पट्टीतली, न तुटणारी.

"वारा असेल गं," डॉट कुजबुजली. "फटीतून शिरला असेल..."

"मी एक फट ठेवलेली नाही, डॉट."

एकदम भुंकण्याचा आवाज आला. एकदाच. पायऱ्या थरथरल्या. दुसरं भुंकणं ऐकू आलं ते बाहेरून, तिसरं आणखी लांबून, सरोवराच्या बाजूने. मर्लच्या पाठीमागचा पत्रा आता बर्फासारखा गार पडला होता. आतून काहीतरी निघून गेल्यासारखं सारं पोकळ वाटत होतं. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. मर्लला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त, निप त्याला शोधून आणेल अशी वेडी आशा वाटत होती, आणि त्या आशेचीच तिला लाज वाटत होती.

बऱ्याच वेळाने पिवळसर उजेड झिरपला. तिने दार उघडलं.

समोरून क्लॅरी चालत येत होता. सावकाश, न अडखळता. डावा हात खाली सोडलेला, बोटं वाकवलेली, जणू बरोबरीने चालणाऱ्या जनावराच्या पाठीवर ठेवलीत. डाव्या अंगाला धुळीचा कण नव्हता. उजवं अंग केसांपासून बुटांपर्यंत मातीने माखलं होतं.

मर्लने त्याला मिठी मारली.

"रडतेस काय, मर्ल?" तो म्हणाला.

किती महिन्यांनी त्याने तिला नावाने हाक मारली होती. ती आणखीच रडू लागली.

"निपने आणलं मला," क्लॅरी म्हणाला. "गुणाची आहे. आज मात्र फार गुरगुरली. त्या दुसऱ्यावर."

"कोण दुसरा?"

"या बाजूने चालत होता तो." त्याने उजवीकडे मान वळवली नाही. "हात दे म्हणत होता. गोड बोलत होता. निपने देऊ दिला नाही."

"ओळखीचा होता?"

"आवाज ओळखीचा होता... कुणाचा ते आठवत नाही बघ."

डॉटने त्याच्या अंगावरची धूळ झटकली आणि तिघं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. बसगाड्या आल्या, बँड वाजला, पोरं जिन्यावरून वरखाली पळाली. सॉसेज रोल जेवणाआधीच संपले. बंद पडलेली पोस्टाची इमारत भाड्याने घेऊन कॉफीचं दुकान काढायचं म्हणून एक जोडपं चौकशी करून गेलं. क्लॅरी सकाळपासून मर्लच्या बाजूला उभा होता आणि येईल त्याला सांगत होता, "ही माझी बायको, मर्ल. हिने बनवलीय."

ॲडलेडहून आलेली एक बाई निपच्या जिन्यावरून खाली उतरली आणि हसत मर्लजवळ आली.

"फार सुंदर. भुंकण्याचा आवाजही अगदी खरा लावलाय. पण त्या एका गृहस्थावरच का भुंकते हो ती?"

मर्लने कुठलाच आवाज लावला नव्हता.

"कुठल्या गृहस्थावर?"

"ते कुंपणापलीकडचे. सरोवराच्या बाजूला सकाळपासून उभे आहेत. आत का येत नाहीत?"

मर्लने पाहिलं. दूरवर नुसतं मीठ चमकत होतं.

तिच्याशेजारी क्लॅरी गर्दीकडे बघत हसत होता. त्याने सरोवराकडे मान वळवली नाही. हसता हसताच त्याने आपला उजवा हात अलगद कोटाच्या खिशात घातला आणि मूठ घट्ट मिटून घेतली.