एक, दोन, तीन, चार, दोन, सहा

दोना इदालिना तावारेस मोराग लॅथमच्या कचेरीत आली, तेव्हा तिच्या हातात रुमालात गुंडाळलेला गोड पाव होता.

"आधी खा," ती म्हणाली. "उपाशीपोटी माझं रडगाणं नका ऐकू."

क्लेम हॅगर्टीनं ताबडतोब सुरी शोधली. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात बत्तीस वर्षं सरकारी बस चालवून निवृत्त झालेला हा गडी आता मोरागची गाडी चालवत असे, कारण मोरागला गाडी येत नव्हती. त्या बदल्यात तिच्या तपासात नाक खुपसायची त्याला मुभा होती. मोराग पूर्वी महापालिकेत इमारत-तपासनीस होती. भिंतीआड काय दडलंय ते हुडकायची खोड निवृत्तीनंतरही जाईना, तेव्हा तिनं खाजगी गुप्तहेराचा परवानाच काढला.

"बोला," मोराग म्हणाली.

दोना इदालिना, म्हणजे पोर्तुगीज रिवाजानं इदालिनाबाई, एकतीस वर्षं एकाच माडीवर भाड्यानं राहिली होती. गेल्या वसंतात मालक रॉस व्हीलनची नोटीस आली. नळ, वायरी, भिंती सगळं बदलायचंय. घर रिकामं करा.

"कायद्यानं दुरुस्तीनंतर तुम्हाला परत येता येतं," मोराग म्हणाली. "जुन्याच भाड्यानं. फक्त निघण्याआधी तसं लेखी द्यावं लागतं."

"दिलं की! माझ्या हातानं लिहिलं, माझ्या हातानं व्हीलनला दिलं. त्यानं वाचलं, हसला. आता म्हणतो, तू परत येणार नाही असंच लिहून दिलंस! माडीवर दुप्पट भाड्यानं दुसरी माणसं आणलीत त्यानं." ती खुर्चीत पुढे सरकली. "मंगळवारी घरभाड्याच्या बोर्डापुढे सुनावणी आहे. बाई, मला ते घर परत पाहिजे. नव्या फरशा नकोत, काही नको. मला तो दरवाजा पाहिजे."

"दरवाजा?"

"माझा दुआर्ते. अकरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेला. मधे दोनदा आला. न कळवता, पहाटे, सरळ जिना चढून दार वाजवलं. नंबर, पत्ते त्याच्या डोक्यात राहत नाहीत. पण ते दार त्याला डोळे मिटून सापडतं. तिसऱ्यांदा आला आणि दार दुसऱ्याच कुणी उघडलं तर?"

क्लेमनं हातातला घास खाली ठेवला. मोरागनं डोळे मात्र वहीवरून उचलले नाहीत.

"इंग्रजी लिहिता येतं तुम्हाला?"

"बोलता येतं. वाचता येत नाही. भाडेकरूंच्या सल्ला केंद्रानं टपालानं पत्राचा नमुना पाठवला होता, तो उतरवला. फार मायाळू मुलगी हो ती! माझे डोळे अधू, म्हणून चौकड्यांच्या कागदावर एका चौकडीत एक मोठं अक्षर घालून दिलं होतं. मी कशिद्याचे टाके मोजते तशी अक्षरं मोजत गेले. तो कागद मात्र सामान हलवताना कुठं गेला कोण जाणे."

"शेवटची ओळ आठवते?"

"वाचायला नाही आठवत. मोजायला आठवते." दोना इदालिनानं डोळे मिटले आणि बोटं हवेत नाचवली. "सहा शब्द. एक अक्षराचा, मग दोन, मग तीन, मग चार. चढता जिना. मग दोन, मग सहा."

क्लेमला हसू आलं. म्हातारी चांगली होती, पण हे काय पुराव्यात धरायचं?

"घरी कोण असतं तुमच्या?" मोरागनं विचारलं.

"मुलगी झेलिया. सध्या तिच्याकडेच आहे. गुणाची पोर. देवाशी तेवढं तिचं बिनसलंय. घटस्फोट झाला तेव्हापासून चर्चची पायरी चढत नाही. बापाच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेलाही बाहेर गाडीत बसून राहिली."

*

रॉस व्हीलन नव्या स्वयंपाकघराचे फोटो दाखवायला फार उत्सुक होता. क्लेमला त्याच्या दातांपासूनच राग आला.

"मी काय गुन्हा केला?" व्हीलन म्हणाला. "हे बघा पत्र. मला वाटलं होतं म्हातारी अडून बसेल. वाचून हसलोच मी, खोटं कशाला बोलू? तरी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाली, हो हो, नक्की, नक्की."

मोरागनं पत्र उजेडाकडे धरलं. निळ्या शाईतली मोठी अक्षरं सारख्या अंतरावर बसली होती. खाली दोना इदालिनाची सही होती. शेवटच्या ओळीचा अर्थ सरळ होता: मला परत यायचं नाही. मोरागनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. तिचे ओठ हलले.

बाहेर आल्यावर क्लेम म्हणाला, "बनावट आहे. त्यानंच कुणाकडून तरी लिहून घेतलंय. थोबाड बघितलंस त्याचं?"

"थोबाडावर शिक्षा होत असती तर तू कधीच आत गेला असतास," मोराग म्हणाली. "चल, त्या माडीच्या खालच्या मजल्यावर."

खालच्या मजल्यावर आर्लीन पाइक राहत होती. दोन्ही घरांचं टपाल पुढच्या एकाच पडवीत पडे आणि ते वेगळं करायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. वर आता कोण राहतं, या प्रश्नावर ती जरा चपापली.

"माझा भाचा. मीच व्हीलनला सुचवलं. इदालिना परत येणार नाही असं तोच म्हणाला, मग मी का गप्प बसू?" तिनं चहा ओतला. निम्मा बशीत, थोडा टेबलावर. तिचे दोन्ही हात थरथरत होते. "हा रोग मेला. नावही धड लिहिता येत नाही आता, बँकेत अंगठा देते."

"सल्ला केंद्राचं पाकीट आलं होतं त्या आठवड्यात?"

"आलं होतं. वरच्या जिन्यावर ठेवलं मी. व्हीलन, त्याचा प्लंबर, रविवारी झेलिया, सगळ्यांची ये-जा चालूच होती. मी काय पहारा देते?"

सल्ला केंद्रातल्या नोरीन नावाच्या मुलीनं ड्रॉवर उघडून छापील नमुना काढून दिला. बारीक टाइप, साधा कागद, शेवटच्या ओळीत दहा शब्द: काम संपल्यावर मला परत राहायला यायचं आहे.

"सगळ्यांना हाच पाठवता?"

"हाच. दिवसाला चाळीस जातात. आम्हाला जेवायला वेळ नसतो, बाई."

*

झेलियाचं घर बंदराच्या बाजूला होतं. दोना इदालिना पाव आणायला गेली होती. भिंतीवर एका जहाजाचा भरतकामाचा मोठा तुकडा काचेत लावला होता. हजारो फुल्यांचे टाके, आणि शिडं वाऱ्यानं फुगलेली.

"वा!" क्लेम म्हणाला. "आईनं केलं?"

"टाके आईचे, नमुना माझा," झेलिया म्हणाली. पन्नाशीकडे झुकलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "दहा वर्षांची होते मी. दुआर्ते नुसता रंग सांगायचा."

"तुम्हाला काय वाटतं, पत्र कुणी बदललं?" मोरागनं विचारलं.

"व्हीलननं. दुसरं कोण? पण आता ते सिद्ध करून काय होणार? आई इथं बरी आहे. एकटीनं ते जिने चढणं तिच्या वयाला झेपत नाही. तुम्ही तिला समजवा ना, की केस सोडून दे."

चष्मा काढायला तिनं पर्स उघडली, तशी आतून घडी घातलेला एक कागद पडला. क्लेमनं तो उचलून दिला. डोंगरावरच्या एका चर्चचं रविवारचं पत्रक होतं, फेब्रुवारीतलं.

"तिकडे जाता?" त्यानं सहज विचारलं.

"कधीतरी. तिथं गाडी लावायला बरं पडतं," झेलिया म्हणाली आणि कागद पर्समध्ये खोल सारला.

गाडीत बसल्यावर क्लेम पोट धरून हसला. "गाडी लावायला बरं! मोराग, त्या चर्चच्या कोपऱ्यावर बस वळवताना मला घाम फुटायचा. रविवारी तर तिथं सायकल लावायला जागा नसते."

"चल तिथंच," मोराग म्हणाली.

ती चर्चच्या कचेरीत दहा मिनिटं होती. तेवढ्यात क्लेमनं जागा शोधत चौकाला सहा फेऱ्या घातल्या. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून त्यानं तयार ठेवलेला विनोद गिळला.

"कुणी केलं ते कळलं?"

"कुणी ते दुपारीच कळलं होतं," मोराग म्हणाली. "का, ते आता कळलं. न कळतं तर बरं होतं."

*

रविवारी सकाळी दोना इदालिना आपल्या नेहमीच्या चर्चला गेली, तेव्हा मोराग आणि क्लेम झेलियाच्या स्वयंपाकघरात बसले होते.

"व्हीलननं पत्र बदललेलं नाही," मोरागनं सुरुवात केली. "त्याच्याकडे जे आहे ते तुमच्या आईनंच लिहिलंय. तिनं मला शेवटची ओळ मोजून सांगितली होती. एक, दोन, तीन, चार, दोन, सहा. आय. डू. नॉट. वॉन्ट. टू. रिटर्न. त्याच्याकडच्या पत्रात अक्षरन् अक्षर तसंच आहे."

क्लेमनं इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजून पाहिली. चढता जिना म्हणाली होती म्हातारी.

"म्हणजे तिनं जे बघून लिहिलं तेच उलटं होतं. केंद्राच्या नमुन्यात दहा शब्द आहेत, तेही साध्या कागदावर, बारीक टाइपात. चौकड्या नाहीत. मग ते पाकीट जिन्यावरून कुणी उचललं? व्हीलननं की आर्लीननं? आर्लीनला स्वतःची सही जमत नाही. ती चौकडीत सुबक अक्षरं कुठून घालणार? आणि व्हीलनला फसवायचंच असतं तर त्यानं छापील कागद ठेवला असता. आपली भाडेकरीण कशिदा काढते, तिचे डोळे अधू आहेत, चौकडीतलं अक्षर तिला सोपं जाईल, एवढा विचार तो कशाला करील? ज्यानं तो कागद केला, झेलिया, त्याचा तुमच्या आईवर जीव होता. आणि चौकड्यांवर तिच्यासाठी नमुने काढायची त्याला लहानपणापासून सवय होती."

झेलिया भिंतीवरच्या जहाजाकडे बघायचं टाळत होती.

"पण का?" क्लेमला राहवेना. "सख्ख्या आईला बेघर करून हिला काय मिळालं?"

"मलाही तेच कळत नव्हतं. मग ते पत्रक पडलं. पंधरा वर्षं चर्चची पायरी न चढणारी बाई, बापासाठीसुद्धा न चढलेली, शहर ओलांडून डोंगरावर का जाते? गाडी लावायला तर तिथं जागाच नसते. आईच्या चर्चमध्ये मृतांची नावं मोठ्यानं वाचतात. जिथं वाचलेलं नाव तिच्या कानावर पडणार नाही असं चर्च झेलियाला हवं होतं." मोराग थांबली. "मी डोंगरावरच्या चर्चमधली, मृतांसाठीच्या प्रार्थनांची वही पाहिली. फेब्रुवारीतला तिसरा रविवार, दोन वर्षं ओळीनं. नाव दुआर्ते तावारेस."

झेलियाचे हात टेबलावर पालथे पडले.

"एडमंटनच्या पोलिसांचा फोन आला," ती म्हणाली. "आईचा फोन माझ्या नावावर आहे, म्हणून मला. भाड्याच्या खोलीत हृदय बंद पडलेलं. तीन दिवसांनी कळलं लोकांना. मी आईला सांगितलं ऑफिसचं प्रशिक्षण आहे, आणि जाऊन त्याला पुरून आले. बाबांना जाऊन चारच महिने झाले होते हो. वाटलं, महिनाभर जाऊ दे, मग सांगू. महिन्यानं तिनं त्याच्या वाढदिवसाला भात केला, त्याच्या आवडीचा. मग कसं सांगू? जितकी थांबले तितकं अवघड होत गेलं."

"आणि घर?"

"दारात खुट्ट झालं की ती जिना उतरायची. मागच्या वर्षी बर्फावर पडली, तरी उतरायची. नोटीस आली तेव्हा मला वाटलं, देवानंच धाडली. दार सुटलं की वाट बघणं सुटेल." ती कोरडं हसली. "इथं आल्यापासून ती झोपतच नाही. तो तिकडे येऊन परत गेला असेल म्हणते."

क्लेमला त्या बाईचा राग करायचा होता आणि करता येत नव्हता.

"बोर्डापुढे खरं सांगितलंत तर ते पत्र बाद होऊ शकतं," मोराग म्हणाली. "घर परत मिळू शकतं."

"आणि त्या घरात ती कुणाची वाट बघेल?"

"ते मला माहीत नाही. पण ती माझ्याकडे आली होती, झेलिया. तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मात्र हे तिला माझ्या तोंडून कळू नये."

दार उघडलं. दोना इदालिना थंडीनं लाल झालेलं नाक पुसत आत आली आणि दोघांना बघून तिचा चेहरा उजळला.

"लागला छडा? माझं घर मिळणार?"

मोरागनं झेलियाकडे पाहिलं. झेलिया उठली, आईचे दोन्ही हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पत्र, चौकड्या, फोन, एडमंटन. मधे एकदाही थांबली नाही. थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

दोना इदालिना रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं, आई."

"पुरताना?"

"मी होते. एकटीच."

म्हातारीनं मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तिच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि तोच हात तिथंच ठेवून दिला.

"दोन वर्षं?" ती म्हणाली. "दोन वर्षं तू एकटी रडलीस? मी हाकेच्या अंतरावर असताना?"

झेलियानं आईच्या मांडीत तोंड खुपसलं. क्लेमनं टोपी हातात घेतली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मोरागनं हळूच सुनावणीचं विचारलं, तेव्हा दोना इदालिनानं नुसता हात हलवला. राहू दे.

थोड्या वेळानं ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. नवरा गेला त्या दिवसापासून ती शोकाचं काळंच घालत होती; अंगातला झगा काळा, मोजे काळे, डोक्यावरचा रुमाल काळा. कपाटातही दुसरा रंग नव्हता. क्लेमला दारातून तिची पाठ दिसत होती. ती एकेक कपडा बाजूला सारत शेवटपर्यंत गेली, आणि मग रिकाम्या हातांनी वळली.

"झेलिया," तिनं हाक मारली, "आता त्याच्यासाठी मी काय घालू गं?"