शिवण आत

शिंपीमास्तरांनी वर्तमानपत्र मशीनवर आपटलं आणि असे काही हसले, की शेजारी काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोची सुई जागीच थांबली... फोटोत सीमेवरचं ठाणं होतं, वाळूच्या पोत्यांची भिंत होती आणि भिंतीच्या पुढ्यात त्यांचे चिरंजीव दात काढून उभे होते!

युद्ध पेटल्यापासून मास्तर हीच पोती शिवत होते. आणि या शहाण्यांनी प्रत्येक पोत्याची शिवण बाहेर, शत्रूच्या अंगाला ठेवली होती! चार टाके तुटले, की वाळू ओघळून भिंत बसणार.

"सरळ टीप मारता येत नव्हती, आणि निघाले देश राखायला," मास्तर म्हणाले. पोरगा घर सोडून गेला तेव्हाही ते दारात हेच म्हणाले होते. वर पुन्हा तोंड दाखवू नकोस, हेही. तेव्हापासून या घरातून त्याला एक ओळ गेली नव्हती. पण आज त्यांच्या काळजाचं पाणी झालं... त्या भिंतीमागे त्यांचंच पोर झोपत होतं!

त्यांनी लिहायला घेतलं. शिवण आत कशी घ्यायची, तोंड कसं दुमडायचं, थर कसे सांधायचे, सारं लिहिलं. आणि माया उघडी पडू नये म्हणून मधूनमधून शिव्या पेरल्या.

काही दिवसांनी त्यांचंच पत्र परत आलं. बंदोबस्ताबद्दलचा शब्द न् शब्द लष्करी तपासनिसाने काळ्या शाईखाली गाडला होता. उरलं होतं 'गाढवा', 'बिनडोका' आणि 'बापाची लाज काढलीस'. मास्तरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. म्हणजे पोराच्या पदरात बापाकडून एवढंच पडलं...?

"अहो, खाली त्याने लिहिलंय," बायको म्हणाली, आणि तिनेच वाचलं.

"बाबा, शिव्या पोचल्या. एवढं काळं बघून कळलं, तुमच्या डोळ्याला डोळा लागला नसेल. बाकी काय लिहिलं असेल ते ओळखलं. शिवण आत आहे."

शेवटच्या ओळीला तपासनिसाने हात लावला नव्हता. शिंप्याच्या घरातलं बोलणं त्या शाईवाल्याला काय कळणार!

"ओळ बघ कशी तिरकी गेलीय," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "गाढव ते गाढवच." मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "तूच लिही त्याला, माझ्या हातून पुन्हा शिव्याच जातील. म्हणावं, दार उघडं आहे... आणि त्या शाईवाल्याला सांग, एवढं काळं करू नकोस."