नळकांड्याचा धबुकार

सांगतो, पण मध्ये बोलू नका. मध्ये बोलणाऱ्यांनीच माझा जीव खाल्ला आहे.

उपग्रह वर सोडून रिकामं झालेलं रॉकेटचं नळकांडं वर्षानुवर्षं पृथ्वीभोवती गडगडत राहतं. त्यावर ऊन पडलं की चमकतं. माझं दर आठ सेकंदांनी चमकायचं. संध्याकाळी ते डोक्यावरून गेल्याची अचूक वेळ टिपायची आणि निरीक्षकांच्या गटाला कळवायची, हा माझा अकरा वर्षांचा छंद. मी राहतो त्या लोहाऱ्यात कारखान्यांचे दिवे फार, म्हणून मी दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या रामसिंगच्या गच्चीवर जायचो.

त्या पंधरवड्यात ते गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा उशिरा येऊ लागलं. आधी चार सेकंद, मग नऊ, मग वीस. खाली उतरत चाललेली वस्तू लवकर येते, उशिरा कधीच नाही. बाकी सगळ्यांना ती वेळेवर दिसत होती. गटप्रमुखाने कळवलं, आणखी एक चूक झाली तर गटातून नाव काढून टाकू. अकरा वर्षं मान मोडून वर बघितल्याचं हे फळ. मी घड्याळावर चिडलो, मोबाईलवर चिडलो, शेवटी खाली धूर करणाऱ्या रामसिंगच्या आईवर चिडलो. जमनाबाई रोज नेमकी त्याच वेळी निखाऱ्यावर तूप-लापशीचा घास टाकायची. तांड्यात पितरांना असा धबुकार देतात, पण सणावाराला. रोज कोणाला, असं मी विचारलं.

"त्यालेच," तिने वर बोट केलं. तिचे वाडवडील बैलांवर मीठ वाहायचे. "ओझं पोचवलं अन् वाटेतच मेला. आमच्यातलाच झाला ना, मास्तर. घास घ्याले थांबते थो."

माझं डोकं फिरलं. उद्या शेवटची संधी आहे, उद्या चुलीत काही टाकायचं नाही, असं मी तिला बजावलं.

तिने लापशीचं पातेलं झाकलं. मग हळूच म्हणाली, "उपाशी जाईन थो... मंग ज्यानं हाकललं, त्यालेच मांगन."

दुसऱ्या दिवशी चूल थंड होती. धूर नाही, तुपाचा वास नाही, कुत्रीसुद्धा गप्प. नळकांडं आलं ते अगदी सेकंदाला. चमक... आठ सेकंद काळोख... चमक. मी वेळ कळवली आणि सुटलो असं वाटलं.

उत्तर लगेच आलं. नळकांडं दुपारीच समुद्रावर जळून संपलं होतं. कालचं गणित उतरवून पाठवणाऱ्याला गटात जागा नाही.

आता मी वर बघत नाही. पण लोहाऱ्याच्या घरी संध्याकाळी गॅस लावला की ज्योत दर आठ सेकंदांनी खाली बसते. सिलिंडर बदलला, नळी बदलली, दुरुस्तीवाल्या साजिदला दोनदा बोलावलं. शेगडीत काही खोट नाही म्हणतो.

काल वैतागून पोळीचा तुकडा ज्योतीत टाकला. ज्योत स्थिर झाली. मी आठ मोजले, सोळा मोजले. मग शेजारचा, न लावलेला बर्नर आपोआप पेटला आणि त्याची ज्योत दर पाच सेकंदांनी खाली बसू लागली.