चार ते सहा फोनला हात लावायचा नाही

यात एक अक्षरही रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर मी स्वतःला थोडं बरं दाखवलं असतं.

मंगळवार, ९ मार्च २००४. लंडनच्या उत्तरेला, स्टॅनमोरमधलं आमचं घर. संध्याकाळचे पावणेपाच.

माझ्या आईचा तो शेवटचा साधा दिवस.

मी हॅरोच्या एका लायब्ररीत काम करते. मंगळवारी मला सुट्टी असते. आई मागच्या बागेत दोरीवरच्या चादरी काढत होती. पाऊस येणार, असं तिला सकाळपासून वाटत होतं. तो काही येत नव्हता.

फोन वाजला.

आणि तो मी उचलला. इथेच मला थांबून थोडं सांगावं लागेल. कारण आमच्या घरात चार ते सहाच्या मध्ये आईशिवाय कुणी फोनला हात लावायचा नाही, असा नियम होता.

माझी आई, लीलावती, हॉलिवूडच्या सिनेमांत कामं करायची.

१९५३ साली बाबांच्या मागोमाग ती बोटीने इथे आली. पुण्यात कॉलेजच्या नाटकांत उभी राहिली होती, अनुभव म्हणायचा तर तेवढाच. त्या काळात स्वस्त पडतं म्हणून अमेरिकन कंपन्या इंग्लंडमध्ये येऊन सिनेमे काढायच्या. त्यांचे स्टुडिओ आमच्या घरापासून चार-पाच मैलांवर होते. साडी नीट नेसता येणारी बाई हवी, म्हणून कुणीतरी आईला घेऊन गेलं. पुढे सतरा वर्षं ती जात राहिली. एकदा तर सात आठवडे थेट कॅलिफोर्नियाला.

एकूण अकरा सिनेमे. आया, राणीची दासी, हात बघणारी जिप्सी. वयाच्या तिसाव्या वर्षी एका रेड इंडियन पोराची आजी. बाबांचं नाव दीनानाथ. त्याची दोन अक्षरं उचलून कंपनीने तिला लीला डीन केलं.

आवाज मात्र तिचा एकाही सिनेमात नाही. तिचं इंग्रजी फार स्वच्छ होतं, दासीला शोभत नाही म्हणाले. मग एक गोरी बाई तोंड वेडंवाकडं करून तिची वाक्यं पुन्हा बोलायची. आई त्या बाईची नक्कल करून दाखवायची तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ उल्हास हसून लोळायचो.

उद्या काम आहे की नाही, हे एजंट चार ते सहाच्या मध्ये फोन करून सांगायचा. फोन लागला नाही, तर काम दुसरीला. म्हणून तो नियम.

काम बंद होऊन चौतीस वर्षं झाली, तरी आई रोज चारला हॉलमधल्या फोनशेजारच्या खुर्चीत येऊन बसायची. चष्मा काढून लिहायच्या पॅडवर ठेवायची. टक्.

"आई, तुझा एजंट जाऊन वीस वर्षं झाली," मी म्हणायचे.

"तो गेला असेल. त्याचं ऑफिस असेलच की."

हसत म्हणायची. पण बसायची.

त्या मंगळवारी ती चादरींसाठी उठली होती, एवढंच.

फोनवर एक तरुण इंग्लिश बाई होती. जुने सिनेमे जपणाऱ्या एका संस्थेतून बोलत होती. जूनमध्ये ते काही दिवस जुने सिनेमे दाखवणार होते. पडद्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या आशियाई कलाकारांचे. लीला डीन हयात आहेत का? त्या येतील का? स्टेजवर अर्धा तास बोलतील का?

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आई चादरीचं टोक दातात धरून घडी घालत होती.

"तिची तब्येत ठीक नसते," मी म्हणाले. "तिला आता फारसं आठवतही नाही."

आईला सगळं आठवत होतं. कुठल्या दिवशी कँटीनमध्ये काय होतं, तेसुद्धा.

त्या बाईने नंबर दिला. मी लिहून घेतला, कागद फाडला, कोटाच्या खिशात टाकला.

आई आत आली. "कुणाचा गं?"

"काही नाही. डबल ग्लेझिंगवाला. खिडक्यांना दुहेरी काचा लावून घ्या म्हणे."

"सांगायचं ना, आहेत त्याच काचा पुसवत नाहीत," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली. टक्.

रात्री पिठलं-भात खाल्ला. दहाला ती झोपायला गेली.

सकाळी मी चहा घेऊन वर गेले. चहा तसाच खाली आणावा लागला.

झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसणार.

उल्हास लीड्सहून आला. बाबा आधीच गेले होते; आम्ही दोघांनी सगळं केलं. लोक येत होते, डबे आणत होते. दिवसभर फोन वाजत होता.

फक्त चार ते सहा...

त्या दोन तासांत एकदाही वाजला नाही.

पहिले काही दिवस माझ्या लक्षातच आलं नाही. मग उल्हास लीड्सला परतला आणि एका रात्री त्याचा फोन आला. आम्ही दोघंही इथेच जन्मलो, पण त्याचं मराठी तसंच राहिलं.

"ताई, तुझी फोन संध्याकाळी एवढी बिझी का असते? पाच वाजता ट्राय केलं, एंगेज्ड. काल पण एंगेज्ड."

"मी कुणाशी बोलत नव्हते."

"मग रिसीव्हर नीट ठेवत नसशील. यू आर टायर्ड, ताई."

असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी रिसीव्हर नीट ठेवला. पुन्हा पाहिला. पुन्हा पाहिला.

नागपूरच्या मावशीनेही तेच सांगितलं. एंगेज्ड.

फोन कंपनीचा माणूस येऊन गेला. लाइनमध्ये काही दोष नाही म्हणाला. सकाळी अकराला आला होता. तेव्हा नसणारच.

त्या संध्याकाळी पावणेपाचला मी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

डायल टोन नव्हता.

पण ती शांतताही नव्हती. कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं, तसं काहीतरी होतं. आपल्याआधीच कुणीतरी रिसीव्हर उचललेला असावा, तसं.

"हॅलो?"

काही नाही.

मग तिकडून, अगदी जवळून...

टक्.

मी रिसीव्हर ठेवला. फोन आमच्या घरात एकच आहे. आईचा चष्मा तिच्याबरोबर गेला होता. तो मीच तिच्या हाताशी ठेवला होता.

मी वाचणारी बाई आहे. दुःखात कान फसवतात, हे मी चार पुस्तकांत वाचलंय. मी स्वतःला तेच सांगितलं. आणि संध्याकाळी सहानंतर घरी येऊ लागले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी उल्हासचा फोन आला. "आज दुपारी टीव्हीवर आईचा पिक्चर आहे. त्या शालवाला. बघशील ना?"

मी तो सिनेमा दहा वर्षांची असताना पाहिला होता. असाच टीव्हीवर. त्यात आई एका श्रीमंत बाईची दासी आहे. तीन प्रसंग. सोमवारी शाळेत मुली माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या. "तुझी आई गुलाम आहे का? मग तू कोण?" त्यानंतर मी तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. तिला सांगायचे, मला जुने सिनेमे कंटाळवाणे वाटतात.

त्या दुपारी मात्र मी आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसले. तिला हलताना पाहायचं होतं, बस.

पहिला प्रसंग मला आठवत होता. नायिका खिडकीशी उभी आहे. दार उघडतं, आई दिवा घेऊन आत येते.

दार उघडलं.

कुणी आलं नाही.

कॅमेरा त्या रिकाम्या दारावर थांबला. जेवढा वेळ माणूस आत यायला लागतो, तेवढाच. मग नायिका वळली आणि रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, दिवा तिथे ठेव.

मला वाटलं, सिनेमा कापलेला असेल.

दुसरा प्रसंग बागेतला. नायिका बाकावर बसून आपलं दुःख सांगते. शेजारी आई बसून ऐकते. तिला वाक्य नाही, नुसतं ऐकायचं. नायिका पूर्ण दोन मिनिटं बोलली. शेजारी बाक होता. बाकावर ऊन होतं.

मला उठावंसं वाटत होतं. तरी मी बसून राहिले.

तिसरा प्रसंग शालीचा. नायिका घर सोडून निघते आणि दासी मागून येऊन तिच्या खांद्यावर शाल घालते.

शाल आली. खांद्यावर नीट बसली. एक चुणी होती, तीही सरळ झाली.

घालणारे हात नव्हते.

मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं.

आणि माझ्या पाठीमागे, हॉलमध्ये... खुर्ची करकरली. कुणीतरी सावकाश बसलं, गुडघे दुखणारं माणूस बसतं तसं.

मी मान वळवली नाही.

सहानंतर उल्हासला फोन लावला. "पाहिलास?"

"हो ना. काय सुंदर दिसते गं ती! शालवाल्या सीनला मी रडलो. शिल्पा पण रडली." शिल्पा म्हणजे त्याची बायको.

"तिन्ही सीनमध्ये दिसली तुला?"

"म्हणजे? ऑफ कोर्स. ताई, तू बरी आहेस ना?"

त्या रात्री एक गोष्ट मला कळली. ती कुठे वाचलेली नव्हती. पडद्यावरचं काम सोडून आली होती ती. फोनजवळ बसायला.

सोमवारी मी कोटाच्या खिशातला कागद काढला आणि लायब्ररीतून त्या संस्थेला फोन केला. तीच बाई होती. मी म्हणाले, माझी आई गेली, दहा मार्चला.

ती म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय. मी पुन्हा विचारावं असं मनात होतं. तुम्ही त्या दिवशी घाईत वाटलात. त्याच आठवड्यापासून मी सहा-सात वेळा प्रयत्न केला, नेहमी पाचच्या सुमाराला. लागलाच नाही. दर वेळी एंगेज्ड."

मी आभार मानले आणि फोन ठेवला. कुणीतरी पुस्तक परत करायला आलं होतं. मी शिक्का मारला. तो तिरका बसला.

तिच्यासाठी आलेला फोन लागत नव्हता. कारण तीच लाइनवर वाट बघत बसली होती. त्याच फोनची.

आणि तो येऊन गेलाय, हे तिला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी घरी होते. साडेचारला हॉलमध्ये गेले आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसले. खुर्ची रिकामी होती. तिच्या गादीवर मधोमध खळगा होता. तो जुनाच असेल. मला खात्रीने सांगता येत नाही.

पावणेपाच झाले.

टक्.

त्यानंतर काय झालं, हे लोक विचारतात. उल्हासही विचारतो. फोन आता पाचला लागतो, म्हणतो. तो सिनेमा मी पुन्हा पाहिलेला नाही. ती त्यात परत गेली की नाही, हे बघायची मला भीती वाटते. ती खुर्ची मी हलवलेली नाही. चार ते सहा मी आजही दुसऱ्या खोलीत बसते, दार लावून. ती माझं ऐकून उठून गेली, की ऐकूनही तिथेच बसली आहे, हे मला माहीत नाही.

मी जे बोलले, ते मात्र शब्दन्‌शब्द लक्षात आहे.

"आई, तो डबल ग्लेझिंगवाला नव्हता. तुझा फोन होता. त्यांना तूच हवी होतीस. तुला स्टेजवर बोलवत होते, तुझ्या स्वतःच्या आवाजात बोलायला. मी नाही म्हटलं. तुझी तब्येत, तुझं विसरणं, ते सगळं खोटं. तुझा सिनेमा पाहून शाळेत मुलींनी विचारलं होतं, त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, ती माझी आई नाहीच, आमच्याकडे कामाला आहे. दहा वर्षांची होते, हे खरं. पण परवा मी एकोणपन्नासची होते, आई. आणि परवाही मी तेच केलं."